फोटो एक्स्पोर्ट केल्यावर मऊ का पडतो, रंग का बदलतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढून लाइटरूम क्लासिक, फोटोशॉप, कॅप्चर वन, डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये एडिट करणाऱ्यांसाठी आहेत. घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: फोटो कुठे आणि किती मोठा दिसणार हे आधी ठरवा, त्या आकाराला आणा, मगच शेवटचं शार्पनिंग (कडा उठावदार करणं) करा. रंग एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या कलर स्पेसमध्ये (रंगांच्या ठरलेल्या मर्यादेत) बदलून घ्या आणि प्रोफाइल, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा रंग कोणता हे सांगणारी माहिती, फाइलमध्येच राहू द्या. तपासणी नेहमी १०० टक्के झूमवर करा.

लाइटरूममध्ये फोटो कडक दिसतो, एक्स्पोर्ट केला की मऊ का होतो?

२४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. त्याची लांब बाजू २०४८ केली की जवळजवळ साडेआठ जुने पिक्सेल मिळून एक नवा पिक्सेल तयार होतो. समजा, डेव्हलपमध्ये (लाइटरूमच्या एडिटिंगच्या भागात) १ पिक्सेल रेडियस (कडेभोवतीची रुंदी) ठेवून तुम्ही नवरीच्या पापण्यांच्या कडा उठवल्या. आकार कमी झाल्यावर ती १ पिक्सेलची कड नव्या फोटोत पिक्सेलच्या एक तृतीयांश एवढी उरते. शेजारच्या पिक्सेलांच्या सरासरीत ती विरघळून जाते आणि पापण्या वेगवेगळ्या दिसण्याऐवजी एकच काळसर पट्टी दिसते. डेव्हलपमधलं शार्पनिंग कितीही वाढवलं तरी हा प्रश्न सुटत नाही. उलट मूळ फोटोत नॉइज (दाणे) वाढतो आणि कडांना पांढऱ्या रेघा येतात.

दुसरं कारण बघण्याच्या पद्धतीत आहे. लाइटरूममध्ये 'फिट'वर फोटो बघताना तुम्ही सॉफ्टवेअरने तुमच्या पडद्यापुरता लहान केलेला फोटो बघत असता. एक्स्पोर्ट केलेली फाइल दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडली की तिथे वेगळ्या पद्धतीने लहान-मोठी होते. अशी तुलना करून काहीच कळत नाही. दोन्ही फाइली १०० टक्क्यांवर ठेवा.

तिसरं कारण बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. विंडोजमध्ये डिस्प्ले स्केलिंग १५० टक्के असेल तर ब्राउझरमध्ये '१००%'वर दिसणारा फोटो खरं तर दीडपट ताणलेला असतो, त्यामुळे तो मऊच दिसणार. अशा वेळी ब्राउझरचा झूम ६७ टक्के करून बघा. फोटो एकदम कडक झाला तर तुमच्या एक्स्पोर्टमध्ये दोष नाही.

मग शार्पनिंग किती वेळा करायचं?

तीनदा, आणि तिन्ही वेळांचं काम वेगळं आहे.

पहिलं रॉ उघडल्यावर. सेन्सर आणि लेन्समुळे मूळ फोटो थोडा मऊ असतो, ते भरून काढण्यापुरतंच. लाइटरूममध्ये रॉसाठी अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५, मास्किंग ० हे मूल्य आपोआप येतं. ते चांगलं आहे, फक्त मास्किंग ० ठेवू नका. आल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवला की पडदा काळा-पांढरा होतो. पांढरं ते शार्पन होणार, काळं ते सुटणार. चेहऱ्याच्या फोटोत गाल काळे आणि डोळे, केस, दागिने पांढरे दिसेपर्यंत सरकवा. बहुतेक वेळा ५० ते ७० च्या दरम्यान जमतं.

दुसरं आवडीपुरतं: डोळ्यांवर, नथीच्या मोत्यांवर, देवळाच्या कोरीवकामावर ब्रशने थोडं टेक्स्चर किंवा शार्पनेस. हे केलंच पाहिजे असं नाही.

तिसरं एक्स्पोर्टच्या वेळी, आकार बदलून झाल्यानंतर; यालाच आउटपुट शार्पनिंग म्हणतात. फोटो मऊ येण्याच्या बहुतेक तक्रारी हे तिसरं शार्पनिंग राहून गेल्यामुळे येतात, नाहीतर ते पहिल्याच टप्प्यात उरकायचा प्रयत्न झालेला असतो.

लाइटरूमच्या आउटपुट शार्पनिंगमध्ये काय निवडायचं?

मोबाइल, वेबसाइट, टीव्हीसाठी 'स्क्रीन'. प्रिंटसाठी कागद बघून 'ग्लॉसी' किंवा 'मॅट'. इंकजेटच्या मॅट कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून मॅटला जास्त शार्पनिंग लागतं. लस्टर कागदाला ग्लॉसी निवडलं तरी चालतं.

लो, स्टँडर्ड, हाय यांपैकी 'स्टँडर्ड'वरून सुरुवात करा. माणसांच्या जवळच्या फोटोंना 'लो' बरा, निसर्गदृश्य आणि किल्ल्यांच्या दगडी बांधकामाला 'स्टँडर्ड'. स्क्रीनसाठी 'हाय' फार क्वचित लागतं.

प्रिंटसाठी शार्पन केलेली फाइल पडद्यावर १०० टक्क्यांवर टोचते. घाबरून ते कमी करू नका. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३ पिक्सेलची कड कागदावर इंचाच्या शंभराव्या भागाएवढी असते, हातात धरून बघताना ती वेगळी दिसत नाही. मात्र तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. छापण्याची फाइल वेगळी, दाखवण्याची वेगळी.

एकाच कार्यक्रमाचे फोटो, एकच सेटिंग, तरी काही कडक आणि काही मऊ का?

'सारखेपणा' म्हणजे सगळ्यांना एकच सेटिंग असं धरून चालल्यामुळे हे होतं. खरं बघायचं ते एवढंच, की प्रत्येक फोटो किती पट लहान होतो आहे.

पूर्ण फ्रेमचा फोटो ६००० वरून २०४८ वर येतो, म्हणजे जवळजवळ तीन पट लहान होतो. इतकं लहान झाल्यावर थोडासा हललेला किंवा फोकस किंचित चुकलेला फोटोही बरा दिसतो आणि नॉइजही दबतो. शेजारच्या फोटोत तुम्ही दूरवरचा वासुदेव क्रॉप करून घेतला आणि लांब बाजूला २२०० पिक्सेलच उरले. तो जवळजवळ लहान होतच नाही, म्हणून लेन्सचा मऊपणा, नॉइज, हललेला हात, सगळं जसंच्या तसं दिसतं. क्रॉप १५०० पिक्सेलचा असेल तर एक्स्पोर्ट करताना तो मोठा केला जातो आणि आणखी मऊ होतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, एक्स्पोर्टच्या चौकटीत 'डोन्ट एन्लार्ज'वर खूण ठेवा. दोन, लायब्ररीमध्ये फोटोंवर क्रॉपनंतरचा आकार दिसेल असं व्ह्यू ऑप्शन्समध्ये ठेवा आणि लांब बाजू ३००० पेक्षा कमी असलेले फोटो वेगळ्या संचात काढा. त्यांना डेव्हलपमध्ये थोडं जास्त शार्पनिंग आणि गरजेप्रमाणे नॉइज रिडक्शन द्या. तीन, फार लहान क्रॉप मोठा छापायचाच असेल तर लाइटरूमच्या 'एन्हान्स'मधलं सुपर रिझोल्यूशन वापरून लांबी-रुंदी दुप्पट करून घ्या आणि मग एक्स्पोर्ट करा. चुकलेला फोकस त्याने येत नाही, पण फोटो फाटत नाही.

आयएसओचाही असाच परिणाम होतो. मांडवात दिवसा २०० आयएसओवर काढलेला फोटो आणि रात्री वरातीत ६४०० वर काढलेला फोटो यांना एकच शार्पनिंग दिलं तर वरातीच्या फोटोत दाणेच शार्प होतात. जास्त आयएसओला आधी नॉइज रिडक्शन, मग मास्किंग वाढवून शार्पनिंग, आणि आउटपुटला 'लो'.

फोटोशॉपमध्ये हाताने करायचं तर क्रम काय?

मूळ फाइलची नक्कल घ्या, लेयर एकत्र करा. फाइल १६ बिटची असताना 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'ने एसआरजीबीत न्या. मग 'इमेज साइज'मध्ये आकार बदला. इथे फोटोशॉप लहान करताना बायक्युबिक शार्पर सुचवतं, पण ती पद्धत स्वतःच शार्पनिंग करते. त्यावर पुन्हा अनशार्प मास्क (शार्पनिंगचा फिल्टर) चालवला की कडांना चुना फासल्यासारखी रेघ येते. साधं बायक्युबिक घेऊन शार्पनिंग आपल्या हातात ठेवणं जास्त चांगलं.

२०४८ च्या आसपासच्या फाइलसाठी अनशार्प मास्क: अमाउंट ६० ते १००, रेडियस ०.३ ते ०.५, थ्रेशोल्ड ० ते २. लगेच एडिट मेनूतून 'फेड' घेऊन मोड 'ल्युमिनॉसिटी' करा, म्हणजे शार्पनिंग उजेडाच्या फरकावर होतं आणि कडांना रंगीत किनार येत नाही. शेवटी ८ बिट करा आणि जेपेग सेव्ह करताना 'आयसीसी प्रोफाइल'वरची खूण तपासा.

'एक्स्पोर्ट अ‍ॅज' किंवा 'सेव्ह फॉर वेब' वापरत असाल तर 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' या दोन्ही खुणा हव्यात.

कॅप्चर वन, रॉथेरपी, डार्कटेबलमध्ये हे कुठे असतं?

कॅप्चर वनमध्ये एक्स्पोर्ट रेसिपीतच स्क्रीन आणि प्रिंटसाठी वेगळं आउटपुट शार्पनिंग आहे. 'रेसिपी प्रूफिंग' चालू केलं की परिणाम एक्स्पोर्टच्या आधीच दिसतो, ही फार मोठी सोय आहे. रॉथेरपीमध्ये 'रीसाइझ' चालू केल्यावर त्याखाली 'पोस्ट-रीसाइझ शार्पनिंग' मिळतं. त्याचा परिणाम प्रीव्ह्यूत दिसत नाही, फाइल सेव्ह करूनच बघावी लागते. डार्कटेबलच्या एक्स्पोर्ट चौकटीत आकार बदलल्यानंतरचं वेगळं शार्पनिंग नाही. 'हाय क्वालिटी रीसॅम्पलिंग' चालू ठेवून टिफ (दर्जा न घटवणारी फाइल) काढा आणि गिंपमधल्या अनशार्प मास्कने शेवटचा हात फिरवा.

पैठणीच्या काठावर किंवा जाळीवर लाटा दिसतात, त्या मूळ फोटोत नव्हत्या.

जरीची बारीक वीण, जाळीची खिडकी, दूरच्या कौलांच्या ओळी यांचा नक्षीक्रम नव्या पिक्सेलांच्या जाळीपेक्षा बारीक झाला की खोटी नक्षी उमटते. याला मॉइरे म्हणतात. शार्पनिंगने ती आणखी ठळक होते. आकार थोडा बदलून बघा, २०४८ ऐवजी १९२० किंवा २२०० करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच लाट जाते. नाही गेली तर लहान करण्यापूर्वी फक्त काठावर मास्क करून टेक्स्चर आणि शार्पनेस वजा करा. लाइटरूमच्या मास्कमध्ये मॉइरेचाही स्लायडर आहे, रंगीत पट्ट्यांवर तो चांगला चालतो.

एक्स्पोर्टला कोणता कलर स्पेस ठेवायचा?

फोटो दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार असेल तर एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये तो मांडला, १९९९ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि ज्या फाइलला प्रोफाइल नाही तिला आजही बहुतेक ठिकाणी एसआरजीबीच समजलं जातं.

अ‍ॅडोबी आरजीबीत हिरवे-निळसर रंग जास्त बसतात. छापखान्याने किंवा चांगल्या इंकजेट प्रिंटरसाठी स्वतःहून मागितला तरच द्या. प्रोफोटो आरजीबी एडिटिंगसाठी आहे. तो इतका रुंद आहे की त्यातले काही रंग माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाहीत. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रोफोटो कधीही देऊ नका. डिस्प्ले पी३ हा आयफोन आणि मॅकच्या पडद्यांचा स्पेस. बघणारे सगळे अशाच पडद्यांवर बघणार असतील तर वापरायला हरकत नाही.

कॅमेऱ्याच्या मेनूतल्या एसआरजीबी/अ‍ॅडोबी आरजीबीचा रॉवर काही परिणाम होत नाही, तो फक्त कॅमेऱ्यातून निघणाऱ्या जेपेगसाठी आहे. फाइलच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने होत असेल, तर कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवलेला आहे हे ओळखा.

क्लायंट म्हणतो रंग फिके, मळकट दिसतात. माझ्याकडे तर ठीक दिसतात.

फाइल अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोत गेली आहे आणि समोरचं अ‍ॅप प्रोफाइल वाचत नाही, किंवा वाटेत प्रोफाइल गळून गेलं आहे. आकडे तेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला. अ‍ॅडोबी आरजीबीतला फोटो एसआरजीबी समजून दाखवला की चेहरे आजारी दिसतात. प्रोफोटोतला दाखवला तर सगळं करडं-हिरवट होतं.

विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या 'डिटेल्स'मध्ये कलर रिप्रेझेंटेशन 'एसआरजीबी' आहे का ते बघा. 'अनकॅलिब्रेटेड' दिसलं तर फाइल बहुधा दुसऱ्या स्पेसमध्ये आहे. मॅकवर प्रीव्ह्यूच्या इन्स्पेक्टरमध्ये प्रोफाइलचं नाव सरळ मिळतं.

दुरुस्त करताना 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' यांत गल्लत होते, तिथे काळजी घ्या. 'असाइन' आकडे तसेच ठेवून फक्त लेबल बदलतं, त्यामुळे रंग बदलतात. 'कन्व्हर्ट' रंग तसेच राहावेत म्हणून आकडे बदलतं. एक्स्पोर्टला नेहमी कन्व्हर्ट. प्रोफाइल गळून पडलेल्या फाइलला आधी तिचं मूळ प्रोफाइल असाइन करायचं, मग एसआरजीबीत कन्व्हर्ट करायचं.

फाइल हलकी करायला मेटाडेटा काढून टाकणारी साधनं जपून वापरा. इमेजमॅजिकची 'स्ट्रिप' ही आज्ञा प्रोफाइलही काढून टाकते. वाचतात काही किलोबाइट आणि रंग मात्र बघणाऱ्याच्या नशिबावर सोडले जातात.

झेंडूची तोरणं आणि गुलाल एक्स्पोर्टमध्ये सपाट होतात. पाकळ्याच दिसत नाहीत.

आपल्याकडच्या समारंभांतला हा सगळ्यात अवघड रंगाचा प्रश्न आहे, आणि फार थोडे लोक तो सोडवतात. गडद केशरी झेंडू एसआरजीबीत येताना लाल चॅनेल २५५ ला, म्हणजे छताला टेकतो आणि निळा चॅनेल ० वर, म्हणजे जमिनीला. पाकळीची वळी, तिच्या कडेची सावली हे सगळं दाखवायला उरतो एकटा हिरवा चॅनेल. त्यामुळे तोरणाऐवजी केशरी प्लॅस्टिकचे गोळे दिसतात. गुलालात लाल छताला आणि हिरवा जमिनीला. हळदीच्या फोटोत निळा जमिनीला.

रेंडरिंग इंटेंट (मर्यादेबाहेरचे रंग कसे बसवायचे याची पद्धत) बदलून हे सुटत नाही. नेहमीची एसआरजीबी प्रोफाइल साध्या मॅट्रिक्सची असतात, त्यांत पर्सेप्च्युअलसाठी (सगळे रंग थोडे आकसून बसवणाऱ्या पद्धतीसाठी) लागणारा तक्ताच नसतो. त्यामुळे पर्सेप्च्युअल निवडलं तरी रिलेटिव्ह कलरिमेट्रिकच चालतं आणि मर्यादेबाहेरचे रंग कापले जातात.

उपाय कन्व्हर्ट करण्याच्या आधी करायचा. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग (निकाल कसा दिसेल याची पडद्यावरची झलक) चालू करा, प्रोफाइल एसआरजीबी ठेवा आणि हिस्टोग्रामच्या कोपऱ्यातला गॅमटचा (रंगमर्यादेचा) इशारा लावा. झेंडूवर रंग चढलेला दिसेल तो भाग कापला जाणार आहे. त्या फुलांपुरता कलर रेंजचा मास्क करा. मास्कमध्ये सॅच्युरेशन १० ते २० ने आणि एक्स्पोजर पाव ते अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करा. माउस पाकळीवर नेऊन आकडे बघा, लाल २४५ च्या आसपास आला आणि निळा शून्यावरून उठला की पाकळ्यांच्या रेषा परत दिसू लागतात. फूल किंचित कमी भडक होतं, पण फूल दिसतं. पूर्ण फोटोचं सॅच्युरेशन मात्र खाली आणू नका. केशरी पट्ट्यातच त्वचेचा रंग असतो आणि माणसं पांढुरकी पडतात.

माझ्या मॉनिटरवर एक रंग, मोबाइलवर दुसरा. खरा कोणता?

कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर, प्रोफाइल वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये दिसतो तो खरा धरा. अनेक मोबाइलमध्ये 'व्हिव्हिड' मोड मुळातच चालू असतो, तो लाल-हिरवे रंग फुगवतो. 'नॅचरल' किंवा तत्सम मोडवर ठेवून बघा. रात्रीचा पिवळसर प्रकाश, ट्रू टोन, आपोआप बदलणारी ब्राइटनेस बंद करा. विंडोजचं 'नाइट लाइट' एडिट करताना चालू राहिलं तर तुम्ही नकळत सगळे फोटो निळसर करून ठेवता.

प्रत्येक क्लायंटच्या मोबाइलप्रमाणे फोटो बदलत बसू नका, त्याला अंत नाही.

कॅलिब्रेशनला कोणती मूल्यं ठेवायची? यंत्र नसेल तर?

व्हाइट पॉइंट डी६५ म्हणजे ६५०० केल्विन, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर; प्रिंटचं काम जास्त असेल तर ८० ते १००. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र यासाठी पुरेसं आहे. मॉनिटर अर्धा तास आधी चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा कॅलिब्रेशन करा.

यंत्र नसेल तर मॉनिटरच्या मेनूतला एसआरजीबी मोड निवडा. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी साधा पांढरा कागद खोलीतल्या उजेडात धरा आणि दोघांचा पांढरेपणा सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. हे कॅलिब्रेशन नव्हे, पण पुढच्या प्रश्नातली निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते.

प्रिंट नेहमी काळपट का येते?

मॉनिटर फार उजळ आहे. अनेक मॉनिटर कारखान्यातून २५० कॅन्डेला किंवा त्याहून उजळ येतात. १२० च्या तुलनेत हा जवळजवळ एक स्टॉपचा फरक झाला. उजळ पडद्यावर फोटो छान दिसतो म्हणून तुम्ही एक्स्पोजर खालीच ठेवता, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो.

ब्राइटनेस उतरवल्यावर जुन्याच फोटोची पुन्हा एक लहान प्रिंट काढून बघा. तरीही काळपट आली तर प्रिंट ट्यूबलाइटच्या कोपऱ्यात न बघता खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा. तिथे ठीक दिसत असेल तर फाइल बरोबर आहे. तिथेही काळपट दिसली तर फोटो छापणाऱ्या लॅबचं प्रोफाइल मागवून सॉफ्ट प्रूफ करा आणि 'सिम्युलेट पेपर अँड इंक' चालू करून सावल्या किती बुडतात ते बघा.

लॅबला फाइल कशी द्यायची?

लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबी, ८ बिट, जेपेग, क्वालिटी ९० च्या पुढे, आणि छापायच्या नेमक्या आकारात. ३०० पीपीआयला ४ × ६ इंचासाठी १२०० × १८००, ८ × १२ साठी २४०० × ३६००, १२ × १८ साठी ३६०० × ५४०० पिक्सेल. अल्बमची १२ × ३६ ची शीट ३६०० × १०८०० होते. अशा शीटवर २४ मेगापिक्सेलचा एकच फोटो आडवा पसरवला तर प्रत्यक्षात १६७ पीपीआयच मिळतात. पार्श्वभूमीला ते चालतं, जोडप्याच्या चेहऱ्यांना कमी पडतं.

लॅबचं प्रोफाइल मिळालं तर ते सॉफ्ट प्रूफला वापरा, फाइल त्यात कन्व्हर्ट करून देऊ नका, तसं त्यांनी मागितलं असेल तरच द्या. ऑर्डर देताना 'कलर करेक्शन नको' असं स्पष्ट लिहून द्या. नाहीतर ऑपरेटर किंवा मशीन प्रत्येक फोटो वेगळा सुधारतं आणि एकाच शीटवरची तीन चित्रं तीन छटांची येतात. पूर्ण अल्बम छापण्याआधी एका ४ × ६ वर चेहरा, पांढरं धोतर, काळी शेरवानी आणि राखाडी पट्टी एकत्र लावून छापून घ्या.

७२ डीपीआय की ३००?

पडद्यासाठी इंचाला किती ठिपके हा आकडा निरर्थक आहे. २०४८ पिक्सेलची फाइल ७२ लिहा किंवा ३०० लिहा, बाइट आणि दिसणं तेच. तो आकडा फक्त इंचात छापताना कामाला येतो.

जेपेग क्वालिटी १०० च ठेवू का?

गरज नाही. लाइटरूमचा ० ते १०० चा स्लायडर आत १३ पायऱ्यांमध्येच विभागलेला आहे. ९३ ते १०० ही एकच पायरी आहे, ८५ ते ९२ ही त्याखालची. म्हणून ९३ आणि १०० मध्ये फाइल तीच मिळते. प्रिंटला ९३, वेबला ८० ते ८५ पुरतं.

फोटोशॉपच्या ० ते १२ मध्ये ६ आणि त्याखाली रंगाची माहिती निम्म्या बारकाव्याने साठवली जाते, ७ पासून पूर्ण. लाल शालूची कड किंवा लाल अक्षरं विरघळल्यासारखी दिसत असतील तर हे तपासा. 'फाइलचा आकार अमुक किलोबाइटच्या आत' हा पर्याय वापरू नका, कारण तो प्रत्येक फोटोला वेगळी क्वालिटी लावतो. पानाफुलांनी भरलेला फोटो चेपला जातो, मोकळ्या आकाशाचा वाचतो.

आकाशात पट्टे पडतात.

८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ च पायऱ्या असतात. फिक्या निळ्यातून गडद निळ्यात जाताना त्यातल्या थोड्याच वापरात येतात आणि त्यांच्या कडा दिसतात. एडिटिंग शेवटपर्यंत १६ बिटमध्ये करा. आकाशावर क्लॅरिटी, डीहेझ जपून वापरा. एक्स्पोर्टपूर्वी ग्रेन ५ ते १० घाला, पट्टे त्यात मिसळून जातात.

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामसाठी काय करायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पुन्हा चेपला जातो, तुमचं शार्पनिंग वाया जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते. क्लायंटलाही स्टेटसला ठेवताना तीच फाइल घ्यायला सांगा.

इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल, उभ्या फोटोला १०८० × १३५०. ६००० पिक्सेलचा फोटो चढवला तर तो लहान करण्याचं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं आणि त्यानंतरचं शार्पनिंग तुमच्या हातात राहत नाही. फेसबुकला लांब बाजू २०४८. दोन्हींना स्क्रीन, स्टँडर्ड, क्वालिटी ८५ च्या आसपास.

प्रीसेट किती असावेत?

चार पुरे: 'वेब २०४८', 'इन्स्टा १०८०', 'प्रिंट १२×१८ ग्लॉसी', आणि 'मास्टर टिफ'. मास्टर म्हणजे १६ बिट, पूर्ण आकार, आउटपुट शार्पनिंग बंद. नावात आकार आणि कागद असू द्या, कारण सहा महिन्यांनी 'न्यू प्रीसेट ३'मध्ये काय होतं ते आठवत नाही.

एक्स्पोर्ट केलेल्या जेपेगमध्येच क्लायंटने बदल सांगितला तर?

त्या जेपेगला हात लावू नका. त्यात आउटपुट शार्पनिंग आधीच बसलं आहे. पुन्हा एक्स्पोर्ट केला की दुसरं चढतं आणि कडांभोवती पांढरी किनार येते. जेपेग फोटोला ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत कापून साठवतं. एडिट करून पुन्हा सेव्ह करताना नवं नुकसान जुन्यावर बसतं आणि शार्पनिंग त्या चौकटींच्या कडाही उठवतं. गालावर आणि आकाशात बारीक जाळी दिसू लागते ती हीच. बदल रॉवर किंवा मास्टर टिफवर करा आणि त्याच प्रीसेटने त्याच नावाची नवी फाइल काढून द्या. मूळ फाइल उरलीच नसेल तर आउटपुट शार्पनिंग बंद ठेवा, आकार बदलू नका, क्वालिटी ९३ ठेवा आणि सगळे बदल एका बैठकीत करून एकदाच सेव्ह करा.